पक्षी टिपताना: एका छंदाचा इतिहास

पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवात पक्ष्यापासून नव्हे, घरट्यापासून झाली. कारण साधे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅमेऱ्यात काचेची प्लेट बसवावी लागे, तिच्यावरचा लेप मंद असे आणि दूरचे जवळ आणणारी भिंगे हौशी माणसाच्या आवाक्यात नव्हती. पक्षी एका जागी ठरत नाही, घरटे ठरते. १८९२च्या एप्रिलमध्ये लंडनच्या उत्तरेला एन्फिल्ड येथे चेरी किअर्टन यांनी थ्रशच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट, फोटो काढला आणि थोरले भाऊ रिचर्ड यांना त्यात पुस्तक दिसले. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या शेतकरी घरातले हे दोघे पोटापाण्यासाठी लंडनच्या कॅसेल या प्रकाशनसंस्थेत नोकरीला होते. पक्षिशास्त्राची पदवी कोणाकडेच नव्हती. १८९५ मध्ये ब्रिटनमधल्या पक्ष्यांच्या घरट्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यातली चित्रे कुंचल्याने रंगवलेली नव्हती, रानात जाऊन कॅमेऱ्याने घेतलेली होती, आणि हीच त्याची नवलाई.

त्या काळी पक्ष्यांची आवड म्हणजे बहुधा बंदुकीची आणि अंडी जमवण्याची आवड. पक्षी ओळखायचा तर तो पाडायचा, हातात घ्यायचा, पिसे मोजायची, कातडे भरून कपाटात ठेवायचे. मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद या सगळ्या उलाढालीला मोठे सोयीचे आहे. पक्षी दाणे टिपतो, शिकारी पक्षी टिपतो, छायाचित्रकारही पक्षीच टिपतो. आणि जो हे तिन्ही पाहून वहीत लिहितो त्याच्या लिखाणाला टिपण म्हणतात. बंदुकीच्या टिपण्याकडून कॅमेऱ्याच्या टिपण्याकडे झालेला प्रवास एका पिढीत संपला नाही. बराच काळ दोन्ही हत्यारे एकाच माणसाच्या खांद्यावर होती.

घरट्याकडून पक्ष्याकडे वळायचे तर एकच अडचण होती, अंतराची. साध्या भिंगातून चंडोल दिसण्याजोगा यायचा तर कॅमेरा त्याच्यापासून काही फुटांवर न्यावा लागे. किअर्टन बंधूंनी यावर जे उपाय केले ते आज वाचताना हसू येते, पण त्यामागचे निरीक्षण पक्के होते. कुरणातला पक्षी माणसाला बुजतो, गुराला बुजत नाही. म्हणून त्यांनी बैलाचे कातडे पेंढा भरून बसवतात तसे सांगाड्यावर चढवून घेतले, आतून पोकळ ठेवले, छातीशी भोक पाडून तिथे भिंग बसवले. फोटो काढणाऱ्याने पोटात शिरायचे, वाकून उभे राहायचे आणि घरट्यावर मादी येईपर्यंत हलायचे नाही. एकदा रिचर्ड आत असताना अवघडून, गुदमरून बेशुद्ध पडले आणि त्यांच्यासकट बैल आडवा झाला. चेरी परत आले तेव्हा बैलाचे पाय आकाशाकडे होते. यानंतर या भावांनी भरलेली मेंढीही वापरली आणि नकली खडकही केला. रिचर्ड यांचा एक पाय लहानपणापासून अधू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बैलातल्या उभ्या तासांची किंमत कळते.

बैलाचा प्रयोग मागे पडला, पण त्यातले तत्त्व टिकले. त्याचेच साधे रूप म्हणजे लपणगृह: चार काठ्या, वरून मातकट किंवा हिरवे कापड, एक फट. हौशी मंडळी आज सरसकट ‘हाईड’ म्हणतात. लपणगृह एका दिवसात घरट्याशेजारी उभे करायचे नाही, आधी लांब ठेवून रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे, ही शिस्त विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रूढ झाली. आत शिरण्याची युक्ती तर फारच मजेशीर. दोघांनी मिळून लपणगृहाकडे जायचे, एकाने आत बसायचे, दुसऱ्याने हात हलवत, मुद्दाम दिसेल असे निघून जायचे. बहुतेक पक्ष्यांना आले किती आणि गेले किती याचा हिशेब ठेवता येत नाही. माणूस गेला एवढे पाहून ते घरट्यावर परततात. जाणारा माणूस हा या कलेतला सर्वांत कमी नावाजलेला कलावंत. त्याच्या नावावर एकही फोटो नसतो. संध्याकाळी तो ठरल्या वेळी परत आला नाही तर आतल्याची पंचाईत होते, कारण एकट्याने बाहेर पडले की पक्ष्याला लपणगृहाचा संशय आलाच म्हणून समजावे.

या छंदाचे एक मोठे फळ इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या दलदलीत मिळाले. एमा टर्नर तिथल्या हिकलिंग ब्रॉडवर ‘वॉटर रेल’ नावाच्या होडीघरात राहून फोटो काढत. बिटर्न हा वेतांत लपणारा, बगळ्याच्या कुळातला पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधून वीण करणारा पक्षी म्हणून नाहीसा झाला होता. १९११ मध्ये टर्नर यांना त्याचे पिल्लू सापडले. चोच आभाळाकडे करून, अंगावरच्या उभ्या रेघा वेतांच्या रेघांत मिसळून ते ताठ उभे होते. बिटर्न परत आला आणि इथे घरटे करतो, याचा पुरावा त्या फोटोने दिला, आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. बंदूकवाल्याने हेच पिल्लू मारून पुरावा दिला असता, तर पुराव्यासोबत पुनरागमनही तिथेच संपण्याचा धोका होता.

फजितीच्या बाजूचा सर्वांत जबर प्रसंग एरिक हॉस्किंग यांचा. १९३७च्या मे महिन्यात वेल्समधल्या एका जंगलात ते टॉनी घुबडाच्या घरट्याशी लपणगृह बांधून काम करत होते. अंधारात घुबडाची मादी आवाज न करता आली आणि तिची नखी त्यांच्या डाव्या डोळ्यात रुतली. घुबडाच्या पिसांची कड मऊ असल्याने उडताना आवाज होत नाही, हे पुस्तकी ज्ञान त्यांना असे मिळाले. जखम चिघळली आणि डोळा काढावा लागला. बरे होताच ते पुन्हा त्याच कामाकडे वळले. एका डोळ्याने त्यांनी आणखी पन्नासएक वर्षे फोटो काढले. अंधारात उडणाऱ्या घुबडांसाठी अतिवेगवान फ्लॅश वापरणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचे नाव येते. उंदरासारखा प्राणी चोचीत धरून येणाऱ्या गव्हाणी घुबडाचा १९४८चा त्यांचा फोटो जगभर छापला गेला. १९७० मध्ये निघालेल्या आत्मचरित्राचे नाव ‘ॲन आय फॉर अ बर्ड’. पक्ष्यांची पारख असलेली नजर असाही त्याचा अर्थ होतो आणि पक्ष्यासाठी दिलेला डोळा असाही.

भारतात हा छंद गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर आला. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकातून असे फोटो छापले जाऊ लागले. सैन्यातले आर. एस. पी. बेट्स आणि रेल्वेतले ई. एच. एन. लॉथर ही त्यातली ठळक नावे. बेट्स यांचे भारतातल्या पक्षिजीवनावरचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले, लॉथर यांचे भारतातल्या पक्षिछायाचित्रणावरचे १९४९ मध्ये. काश्मीरमध्ये वीण करणाऱ्या पक्ष्यांवर दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९५२चे. ही मंडळी नोकरीने हिंडत असत आणि रजेत फोटो काढत. सामान वाहायला हमाल, मचाण बांधायला गावातली माणसे, घरटे दाखवायला गुराखी पोर. त्या पोरांची नावे पुस्तकांत क्वचितच आढळतात. पण त्यांच्याशिवाय निम्मी घरटी सापडली नसती, हे उघड आहे.

लोक वान थो यांची गोष्ट याच काळातली आणि जरा वेगळी. ते सिंगापूरमधल्या सिनेमागृहांच्या साखळीचे मालक. १९४२ मध्ये जपानी सैन्य सिंगापूरवर चालून आले तेव्हा ज्या जहाजाने ते निसटले त्यावर बॉम्ब पडला. ते भाजले आणि काही काळ दृष्टीलाही मुकले. भारतात पोहोचून बरे झाल्यावर त्यांची पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींशी मैत्री जमली. पुढे दोघांनी भारतात अनेक दौरे केले. खर्चाचा मोठा भार लोक यांनी उचलला. १९५७ मध्ये त्यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ हे पुस्तक आले. पैसा, वेळ आणि चिकाटी तिन्ही असलेला हौशी माणूस व्यावसायिकाच्या पुढे कसा जातो, हे त्यात दिसते. १९६४ मध्ये तैवानमध्ये विमान अपघातात ते गेले. याउलट मद्रासचे एम. कृष्णन. त्यांनी निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून आपल्यापुरता एक अवजड कॅमेरा तयार केला, त्याला ‘सुपर पाँडेरोसा’ असे थट्टेचे नाव दिले आणि जन्मभर कृष्णधवल फोटो काढले.

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत ३५ मिलिमीटरची फिल्म आणि तिच्यावरचे छत्तीस फोटो हे या छंदाचे खरे मोजमाप होते. छत्तीस हा आकडा माणसाला शिस्त लावतो. रंगीत पारदर्शिका, म्हणजे स्लाइड, काढणाऱ्यांना तर दुहेरी अडचण होती. चांगल्या रंगांच्या फिल्म मंद असत आणि लांब भिंग थरथरले की चित्र हलते. भिंग ४०० मिलिमीटरचे असेल तर हातात धरून काढताना शटरचा वेग सेकंदाच्या चारशेव्या भागाहून कमी नको, असा ढोबळ नियम आहे. सकाळच्या उन्हात मंद फिल्मवर तो वेग मिळत नाही. मग तिपाई आली. तिपाई आली म्हणजे चिखलात रुतणारे पाय आले, आणि पक्षी डावीकडे बसला असताना उजवीकडे अडकलेला स्क्रू आला.

त्या काळातल्या फजित्यांत एक अशी आहे की फिल्मच्या जमान्यातल्या माणसाला ती नुसती आठवली तरी पोटात खड्डा पडतो. फिल्मचे टोक कॅमेऱ्यातल्या दात्यांवर नीट बसले नाही तर ती पुढे सरकतच नाही. आकडा मात्र सरकतो. माणूस दिवसभर फोटो काढतो, छत्तिसावा होतो, सदतिसावाही होतो, आणि मग शंका येते. रीळ गुंडाळताना डावी कळ हलकी लागते तेव्हा सारे कळते. स्वर्गीय नर्तक अर्धा तास समोर आंघोळ करत होता, आणि रीळ कोरे. यावर जुन्या लोकांचा उपाय साधा होता: फिल्म ओढताना डाव्या बाजूची रीळ-कळ फिरते का ते प्रत्येक वेळी बघायचे.

पावसाळा ही कोकण आणि गोव्यातली आणखी एक आपत्ती. भिंगाच्या आत बुरशी धरते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात. वेळीच काढले नाहीत तर बुरशीने सोडलेले आम्ल काचेवरचा लेप खाते आणि डाग कायमचे राहतात. कोरड्या ठेवण्याच्या महागड्या पेट्या येण्याआधी घरोघर कपाटात एक छोटा बल्ब जळत ठेवायची पद्धत होती. त्या कपाटात भिंगांशेजारी लोणच्याची बरणी ठेवल्यावरून झालेली भांडणे हा वेगळा विषय आहे. वातानुकूलित गाडीतून उतरताच भिंगावर दव धरण्याची तक्रारही याच भागातली. काच हवेइतकी उबदार होईपर्यंत थांबण्याखेरीज तिच्यावर इलाज नाही, आणि नेमका तेवढा वेळ नवरंग जमिनीवर पाने उलटत असतो.

महाराष्ट्रात या छंदाच्या ज्या जागा प्रसिद्ध झाल्या त्या बहुतेक माणसाने पाणी अडवल्यामुळे झाल्या, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला. पाण्याबरोबर गाळ आला, गाळावर वनस्पती आल्या आणि त्यामागोमाग बदके, शेकाटे, कुदळे. २०२० मध्ये हे ठिकाण राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. १९८०च्या सुमारास भीमेवर उजनी धरण पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्याने भिगवण, कुंभारगाव, डिकसळ परिसरात उथळ पाण्याचे मोठे मैदान तयार झाले. ज्यांची शेती पाण्याखाली गेली त्यांतले काही मासेमारीकडे वळले, आणि त्यांच्या पुढच्या पिढीतले काही जण हिवाळ्यात फोटोवाल्यांना होडीतून रोहित आणि पट्टकदंब दाखवू लागले. मुंबईत शिवडीच्या चिखलठाण्यावर १९९०च्या दशकात रोहितांचे मोठे थवे उतरू लागले. तिथे दुर्बिणीइतकेच भरती-ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे. ओहोटीला पक्षी लांब चिखलात असतात आणि भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलते. वेळापत्रक न पाहता जाणाऱ्याला क्षितिजावर एक गुलाबी रेघ मिळते.

भिगवणची सहल म्हणजे या छंदाचा नमुना म्हणता येईल. पुण्याहून पहाटे चारला निघायचे, उजाडायच्या आत होडीत बसायचे. होडीत तिपाई उपयोगाची नाही, कारण लाटेबरोबर तीही डोलते. भिंग मांडीवर किंवा धान्य भरलेल्या पिशवीवर टेकवायचे. पक्ष्याच्या उंचीवरून फोटो घ्यायचा तर होडीच्या तळात आडवे व्हायचे, म्हणजे तळातले पाणी शर्टाने शोषायचे. नावाडी वल्हे थांबवतो, होडी आपोआप सरकते, रोहित मान वर करतात, आणि त्याच क्षणी कोणीतरी उभा राहतो. मग एक पक्षी चालू लागतो, दुसरा पावले झपाट्याने टाकतो आणि सगळा थवा पाण्यावर धावत उचलला जातो. काळ्या-गुलाबी पंखांचा तो फोटो फार सुंदर येतो. पण थवा उडाला म्हणजे होडी फार जवळ गेली होती.

इथे या छंदाच्या इतिहासातला मोठा बदल दिसतो. भिंगे लहान होती तोवर जवळ जाण्याची किंमत माणूस देई: बैलात बेशुद्ध पडे, डोळा गमावे. भिंगे लांब झाली तेव्हा पक्ष्याला उसंत मिळायला हवी होती. झाले उलटे. २००३च्या सुमारास डिजिटल एसएलआर कॅमेरे सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आले. २०१५ मध्ये त्र्याऐंशी पट झूम असलेला एक सुटसुटीत कॅमेरा बाजारात आला आणि त्याने तर भिंग बदलण्याचीही गरज ठेवली नाही. छत्तीसची मर्यादा गेली. पूर्वी एका घरट्यावर एक माणूस बसे, आता एका घरट्यापुढे वीस. जून-जुलैत कोकणात तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बीळ करून पिल्ले वाढवतो; पाली आणि खेकडे घेऊन दिवसातून अनेकदा फेऱ्या मारतो. बिळासमोर रांग लागली की तो जवळच्या फांदीवर भक्ष्य चोचीत घेऊन ताटकळतो. फोटो उत्तम येतो, पिल्लांची वेळ चुकते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे, काही पाणवठ्यांवर कुरवांना शेव टाकून जवळ आणणे, घरट्यापुढची फांदी उजेडासाठी छाटणे हे सारे याच जातीचे. फांदी छाटण्याची खोड जुनीच, किअर्टन यांच्या काळापासूनची. जाणकार ती दोरीने बाजूला बांधत आणि काम झाले की सोडून देत. उघडे पडलेले घरटे कावळ्याला आणि उन्हाला दोघांनाही सापडते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे येते. म्हणजे घरट्याशी खेळ करणारा फोटोवाला कायद्याच्या भाषेत पुन्हा शिकारीच ठरतो. अनेक स्पर्धांनी पुढे घरट्यावरचे फोटो घेणेच बंद केले. ज्या फोटोंनी हा छंद जन्माला घातला तेच आता बाद.

तरीही पदरात जे पडले ते कमी नाही, आणि त्यातले महाराष्ट्राच्या वाट्याचे मोलाचे आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४चा होता. नंतरची एक नोंद एका संग्राहकाने चोरलेल्या कातड्यावर खोटी चिठ्ठी लावून केली होती, हे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणले. नोंद खोटी म्हटल्यावर शोधाची दिशाही बदलली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ पोहोचले आणि त्यांना झाडावर उघड्यावर बसलेले ते लहान घुबड दिसले. ११३ वर्षांनी. त्यांनी त्याचे चित्रण केले आणि तेवढाच पुरावा पुरेसा ठरला. कोणी बंदूक काढली नाही. त्यानंतर मेळघाटातही रानपिंगळा आढळला आणि आज तो पाहायला आणि टिपायला मुद्दाम लोक येतात.

याच वाटेवर पुढचे पाऊल पुण्याच्या माणसाने टाकले. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांना, पक्षी हा ज्यांचा छंद, १९९५ मध्ये अरुणाचलमधल्या ईगलनेस्टच्या जंगलात एक अनोळखी पक्षी दिसला. पुढे दहा वर्षांनी तो पुन्हा भेटला. २००६च्या मे महिन्यात तो जाळ्यात आला तेव्हा त्यांनी त्याची मोजमापे घेतली, फोटो काढले, गळालेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. नवी जात जाहीर करायची तर मारलेला नमुना संग्रहालयात ठेवायचा, ही दीडशे वर्षांची रीत. पण पाहण्यात आलेले पक्षी जेमतेम चौदा होते. त्यांतला एक मारणे त्यांना मान्य नव्हते. पिसे, फोटो आणि ध्वनिमुद्रणे यांच्या आधारे त्याच वर्षी ‘लिओसिक्ला बुगुनोरम’ ही जात शास्त्राने स्वीकारली. त्या डोंगरात राहणाऱ्या बुगुन लोकांचे नाव तिला दिले आहे. भारतातून नवा पक्षी जाहीर होण्याची ती अर्धशतकाहून अधिक काळातली पहिली वेळ होती.